तहानलाडू-भूकलाडू

लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतला राजपुत्र घर सोडून निघाला, की त्याच्याबरोबर तहानलाडू आणि भूकलाडू असत. पुढे तो सात समुद्र ओलांडी, राक्षसाला मारी, राजकन्येला सोडवून आणी. पण त्या पराक्रमात मला कधी फारसा रस वाटला नाही. माझे सारे लक्ष लाडवांकडे. ते कशाचे करीत, एका लाडवाने किती वेळ भूक भागे, परतीच्या वाटेवर राजकन्येलाही त्यातले द्यावे लागत की काय, असल्या शंका मी आजीला विचारी. आणि ती "आता झोप" म्हणून त्या सर्वांचे एकदम निरसन करी.

यंदा वर्गात लोककथा शिकवताना एका मुलीने मला नेमका तोच प्रश्न विचारला. "सर, तहानलाडू कशाचे करतात?" वर्ग हसला. मी चेहऱ्यावर प्राध्यापकी गांभीर्य आणून आदिमानवाला वाटणारी प्रवासाची भीती वगैरे काहीतरी सांगितले. तिने ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतले. आता परीक्षेत ते माझ्याच पुढ्यात येणार!

घरी आल्यावर मला आजीची आठवण झाली. "आता झोप" हे उत्तर त्या मानाने किती प्रामाणिक होते!

शिदोरी हा विषय तसा मोठ्यामोठ्यांनी हाताळलेला आहे. संस्कृतात तिला 'पाथेय' म्हणतात. कालिदासाच्या 'मेघदूता'त मेघाबरोबर कैलासापर्यंत जाणारे राजहंससुद्धा रिकाम्या चोचीने निघत नाहीत. कमळाच्या कोवळ्या देठांचे तुकडे वाटेसाठी बरोबर घेतात. आपल्याकडे तर देवानेच शिदोऱ्या सोडल्या. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काला होतो, तो त्याच शिदोऱ्यांचा. ज्याने त्याने आपापल्या घरून आणलेले एकत्र करायचे आणि मग कुणाचे काय होते ते विचारायचे नाही. हे सारे मी गेली कित्येक वर्षे मुलांना शिकवतो, आणि शिकवताना दर वेळी माझ्या मनात कराडच्या एस.टी. स्टँडवरचे एक बाक येते. त्या बाकाची हकीकत मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, 'हि'लासुद्धा नाही.

आमचे घर चिपळूणचे. माझी आई शिदोरीच्या शास्त्रात पारंगत होती. कोकणातले रोजचे जेवण प्रवासाला फारसे उपयोगी नाही. तांदळाची भाकरी दुपारपर्यंत कडक होते, ओल्या नारळाची चटणी आंबते, आणि आमटीभाताची तर गोष्टच नको. तेव्हा प्रवासाला दशमी. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, मीठ घालायचे, तेलाचे मोहन जरा सढळ हाताने घालायचे आणि मंद आचेवर भाजायची. अशी दशमी दोन दिवस मऊ राहते. सोवळ्याओवळ्याच्या दिवसांत पाण्यात भिजवलेली पोळी कर्मठ माणसांना प्रवासात चालत नसे, दुधातली चाले. धर्मशास्त्राला माणसाच्या पोटाची थोडीफार काळजी होती, असे या दशमीकडे पाहून मला वाटते. तिच्याबरोबर लसूण आणि सुके खोबरे यांची कोरडी चटणी. आणि शेवटची करामत म्हणजे भाताचा डबा. सकाळी मऊ भात दुधात कालवायचा, त्यात चमचाभर विरजण घालायचे आणि झाकण लावून द्यायचे. गाडी जसजशी घाट चढे, तसतसा डब्यात आपोआप दहीभात तयार होई. पाण्यासाठी आजोबांचा पितळी फिरकीचा तांब्या. त्यावर आजोबांचे नाव, गावाचे नाव आणि शके कोरलेले होते. या तांब्याला मी मनात 'तहानलाडू' म्हणत असे.

१९९७ च्या जूनमध्ये मी बारावी होऊन पुण्याला शिकायला निघालो. घर सोडण्याची ती पहिलीच वेळ. वडिलांनी बनियनला आतून चोरखिसा शिवून घेतला होता. त्यात फीचे पैसे होते. आईने पहाटे चारला उठून दशम्या केल्या. शिवाय या खेपेला दाण्याचे लाडू होते. दाणे भाजून, कुटून, गुळात वळलेले असे वीस लाडू. "खोलीवर पहिले आठ-दहा दिवस तरी पुरतील," ती म्हणाली. हे सगळे तिने आपल्या जुन्या पातळाच्या फडक्यात बांधले. जांभळ्या रंगाचे, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचे ते पातळ मला चांगले आठवत होते. त्याच पदराला हात पुसून मी लहानाचा मोठा झालो होतो.

चिपळूणहून पुण्याला जायचे म्हणजे कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, कराड, सातारा अशी मजल. पाऊस लागला होता. गाडीच्या खिडक्या लागत नव्हत्या आणि ज्या लागल्या त्या पुन्हा उघडत नव्हत्या. अलोऱ्याला माझ्या शेजारी एक मुलगा येऊन बसला. तोही पुण्यालाच, पण इंजिनिअरिंगला चाललेला. त्याची बॅग चाकांची होती. चाकांची बॅग मी तोवर पाहिली नव्हती. तो माझ्याशी चांगला बोलत होता, त्याचा काही दोष नाही. पण पोफळी मागे पडून घाट सुरू झाला, गाडी वळणे घेऊ लागली, आणि माझ्या मांडीवरच्या गाठोड्यातून लसणाच्या चटणीचा वास दरवळू लागला. पुढच्या बाकावरची बाई लिंबू हुंगत होती, तिने मान वळवून पाहिले. त्या मुलाने काही न बोलता खिडकीची फट जरा मोठी केली. एवढेच झाले. पण त्या क्षणापासून ते गाठोडे मला जड होऊ लागले.

(या घाटाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. कोयना नदी वाहते पूर्वेकडे आणि कराडला कृष्णेला मिळते. पण धरणातले बरेचसे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजघरात उतरते, तिथे वीज करते आणि मग आमच्या वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. घाटावरची माणसे पोटासाठी खाली येत, खालची वर जात. पाणीही त्याला अपवाद नाही.)

कराडला गाडी वीस मिनिटे थांबली. शेजारचा मुलगा म्हणाला, "वडा खाणार?" आम्ही उतरलो. मी गाठोडे काखेत घेऊन उतरलो, कारण गाडीत ठेवायचा धीर नव्हता. त्याने दोन वडापाव घेतले, थंड पेयाच्या दोन बाटल्या घेतल्या आणि पैसेही त्यानेच दिले. मी गाठोडे बाकावर ठेवून वडा खाल्ला. तो फार चवदार होता, हे इथे नमूद केले पाहिजे. कंडक्टरने घंटी दिली. आम्ही निघालो. गाठोडे बाकावरच राहिले.

'राहिले' हे क्रियापद मी इथे मुद्दाम वापरले आहे. इतकी वर्षे मी मनातल्या मनात तेच वापरत आलो. व्याकरणाची सोय अशी, की त्यात कर्ता गाठोडे होतो.

गाडीच्या पायरीवर पाय ठेवतो तोच मागून हाक आली. "ए बाळा! आरं, तुझं गठुडं ऱ्हायलं बघ!" बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली एक म्हातारी, अंगात इरकली लुगडे, ते जांभळे गाठोडे दोन्ही हातांनी धरून पावसातून धावत येत होती. शेजारचा मुलगा माझ्याकडे पाहू लागला. कंडक्टर पाहू लागला.

मी म्हणालो, "माझं नाही ते."

म्हातारी थांबली. तिने गाठोड्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "तुझं न्हाई?" ती म्हणाली. दार लागले.

तांब्या मात्र माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता, म्हणून वाचला. त्यावर आजोबांचे नाव कोरलेले होते. त्याला नाकारणे अवघड गेले असते.

साताऱ्यापर्यंत मी डोळे मिटून बसलो होतो. झोप आली नव्हती. कात्रजच्या बोगद्यातून पुण्याचे दिवे दिसले तेव्हा मला कडकडून भूक लागली होती आणि त्या भुकेला लसणाच्या चटणीचा वास येत होता.

दोन दिवसांनी मी घरी कार्ड टाकले. सुखरूप पोचलो, खोली बरी आहे, पाऊस आहे. शेवटी जागा उरली म्हणून लिहिले: 'दशम्या मऊ राहिल्या. लाडू तर फारच छान झाले होते. खोलीतल्या मित्रांनी एका दिवसात फस्त केले.' मराठीच्या प्राध्यापकाचे ते पहिले ललित लेखन समजायला हरकत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा लाडवांचा विषय निघाला नाही. परत निघताना आईने दशम्या दिल्या नाहीत, लाडू दिले नाहीत. माझ्या हातात वीस रुपये ठेवले आणि म्हणाली, "वाटेत काहीतरी गरम खा." मला आपण जिंकलो असे वाटले. त्यानंतर दर खेपेला हेच. वीसाचे पुढे पन्नास झाले. मी नोकरीला लागलो, लग्न झाले, तरी निघताना ती हातात नोट ठेवी आणि तेच वाक्य बोले. मी ते तिचे म्हातारपण समजत होतो.

वडील जाऊन सहा वर्षे झाली. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा आमच्या घरात ते दाराच्या वरच्या कडीपर्यंत आले. आईने शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर रात्र काढली. भिंती धुऊन, चुना लावून ती पुन्हा तिथेच राहिली. "२००५ लाही आलं होतं," असे ती म्हणे. जणू पूर म्हणजे अधूनमधून येणारा पाहुणाच. पण आता चौऱ्याहत्तरावे लागले, हात कापू लागले, दुधाचे पातेले दोनदा उतू गेले नि एकदा हातातून पडले. यंदाचा गणपती तिने तिथेच बसवला आणि विसर्जन झाल्यावर आपण होऊन म्हणाली, "चला, येते मी." आम्हाला समजावण्याची भाषणे तयार होती, ती तशीच राहिली.

घर आवरायला चार दिवस लागले. पुराने खालचे बहुतेक सामान आधीच आवरले होते. उरले ते माळ्यावरचे. माझी मुलगी माळ्यावर चढली आणि तिथून एकेक वस्तू खाली देऊ लागली. अडकित्ता, पुरणयंत्र, सांजवेळच्या दिव्याची काच, आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. डब्यात वडिलांची पेन्शनची कागदपत्रे, माझी प्रगतिपुस्तके आणि पत्रांचा एक गठ्ठा. मुलीने माळ्यावर बसूनच मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिला पोस्टकार्ड ही चीज नवी होती. "बाबा, हे तुमचं! 'लाडू तर फारच छान झाले होते. खोलीतल्या मित्रांनी एका दिवसात फस्त केले.' किती ते अक्षर वाईट!"

आई खाली पाटावर बसून सुपारी निवडत होती. तिने मान वर केली नाही. मी उगाचच पुरणयंत्राचा दांडा फिरवून पाहिला.

त्या रात्री मला झोप लागेना. निघायचे पहाटे होते. ही म्हणाली होती, "आता वाटेत हॉटेलं काय कमी आहेत? कशाला उगाच दगदग?" खरेच होते ते. पण साडेतीनला मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि कणकेचा डबा काढला. दूध किती घ्यायचे ते कळेना. एवढ्यात मागून आवाज आला, "अर्ध्या शेराला अंदाजाने घाल. एकदम ओतू नकोस." आई दारात उभी होती. तिने स्टूल ओढून घेतले आणि त्यावर बसून मला सूचना दिल्या. मीठ किती, आच किती, उलटायची कधी. तिचे हात मांडीवर थरथरत होते. तिने ते पदराखाली घेतले. माझ्या दशम्यांचे आकार महाराष्ट्राच्या जिल्ह्यांसारखे झाले. एकदोन करपल्या. तिने एकीलाही नावे ठेवली नाहीत, यावरून तिचे लक्ष दुसरीकडे आहे हे मी ओळखायला हवे होते.

घाट चढून हेळवाकच्या पुढे आम्ही गाडी थांबवली. पाऊस नव्हता, पण ढग रस्त्यावर उतरले होते. आईला उतरायला नको होते. तिने दार उघडे ठेवून पाय बाहेर सोडले. डबा उघडला. लसणाची चटणीही मी केली होती. मुलीने दशमीचा तुकडा मोडला, खाल्ला आणि अचानक म्हणाली, "बाबा, वीस लाडू एका दिवसात? तुम्ही खोलीत किती जण होतात?"

आई म्हणाली, "खवट होते ते."

कुणालाच कळले नाही. ती घास संपवून पुढे बोलली. "दाणे गेल्या वर्षीचे होते. पावसाळ्यात खवट झालेले. गडबडीत मी चाखून बघितलेच नाहीत. तू गेलास आणि संध्याकाळी ह्यांनी घरात ठेवलेल्यातला एक तोंडात टाकला, तो थुंकलाच. तोंडात धरवत नव्हता. मला रात्रभर झोप नाही. परका गाव, पोराच्या पोटाला काही झालं तर! तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुझं कार्ड आलं, फारच छान झाले होते म्हणून. तेव्हा जीव खाली पडला. म्हटलं, नाही खाल्ले पोराने."

"आणि मला कधी विचारलं नाहीस?"

"काय विचारायचं? हे म्हणत होते, जाब विचारा म्हणून. मी म्हटलं, राहू दे. नको असेल त्याला गाठोडं. मग आपले पैसे द्यायला लागले."

मी काही बोललो नाही. ढगांतून एक ट्रक हॉर्न वाजवीत आला आणि गेला. मग मी कराडच्या बाकाची हकीकत सांगितली. मुलीसमोर सांगितली, हिच्यासमोर सांगितली. वडा, थंड पेयाची बाटली, म्हातारी, 'माझं नाही ते', सगळे. 'राहिले' न म्हणता 'टाकले' म्हटले. मुलगी माझ्याकडे असे पाहत होती, जणू तिला वर्गातला मुलगा पहिल्यांदाच घरच्या कपड्यांत दिसला आहे. हिने तांब्याची फिरकी उघडून पाणी पुढे केले. तांब्या तोच.

आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले. ती रागावेल, निदान डोळ्यांना पदर लावील, असे मला वाटले होते. खरे तर मी त्याचीच वाट पाहत होतो. पण ती कसलासा विचार करीत होती.

"म्हणजे गाठोडं त्या बाईकडे राहिलं," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे ते लाडू तिने खाल्ले असतील!"

"असतील."

"अरे देवा," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरीची व्यथा होती. "वीस लाडू! कुणाच्या तरी पोरांना दिले असतील तिने. काय म्हणाली असेल ती! कोणत्या घरचं हे खवट खाणं, म्हणाली असेल."

मी म्हणालो, "आई, इतकी वर्षं झाली त्याला."

"वर्षं होऊ देत. माझ्या हातचे होते ना?"

पाटण गेले. कराड आले. स्टँडकडे जाणारा रस्ता दिसताच तिने गाडी हळू घ्यायला सांगितली आणि काचेला नाक लावून बाहेर पाहत राहिली, जणू ती म्हातारी अजून गाठोडे घेऊन पावसात उभी असणार होती. "कुठलं बाक?" तिने विचारले. मी हाताने नुसती दिशा दाखवली. बाक मलाही दिसत नव्हते. आम्ही पुढे गेलो, महामार्गाला लागलो. ती कुणाशी बोलली नाही. मुलगी पेंगू लागली.

उंब्रज जवळ आल्यावर आईने डबा मागून घेतला, उरलेल्या दशमीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला.

"बऱ्या झाल्यात हो," ती म्हणाली. "मोहन जरा कमी पडलं."